दूरच्या यंत्रमानवाचा लगाम

७ सप्टेंबर २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात असलेल्या आंद्रेआस मोगेन्सेन या डॅनिश अंतराळवीराने नेदरलँड्समधील एक चारचाकी यंत्रगाडी हाताने चालवली. ही गाडी नूर्डवाइक येथे युरोपीय अंतराळ संस्थेच्या तंत्रज्ञान केंद्रात उभी होती आणि तिच्यावर यांत्रिक हात बसवलेले होते. गाडी एका फळ्याजवळ नेऊन उभी करायची आणि यांत्रिक हातातली धातूची खुंटी त्या फळ्यावरच्या छिद्रात बसवायची, एवढेच काम होते. मात्र खुंटी आणि छिद्र यांच्यातली मोकळीक मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी होती. मोगेन्सेन यांनी ही गाडी पूर्वी कधी चालवलेली नव्हती. पहिल्या खेपेला त्यांना ४५ मिनिटे लागली, दुसऱ्या खेपेला दहा मिनिटेही लागली नाहीत.

स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. पण संदेश तेथून सरळ खाली येत नव्हते. ते आधी सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडे, तेथून अमेरिकेत ह्यूस्टनला आणि मग अटलांटिक महासागर ओलांडून नेदरलँड्सला पोहोचत. जाऊन येऊन ०.८ सेकंदांपर्यंत विलंब होई. कॅमेऱ्याचे चित्र अंतराळवीरासमोर होतेच. परंतु खुंटी छिद्राच्या काठाला टेकून अडली आहे की कणभर आत सरकली आहे, हे चित्रावरून ठरवणे जवळजवळ अशक्य होते. ते सांगितले हातातल्या जॉयस्टिकने. तिकडे खुंटी अडली की इकडे मूठ अडत होती; तिकडे खुंटी घसरली की इकडे मूठ सैल पडत होती. अंतराळातून पृथ्वीवरच्या यंत्राशी इतक्या नाजूक कामात स्पर्शाचा असा व्यवहार त्यापूर्वी झालेला नव्हता.

या तंत्राला ‘हॅप्टिक’ प्रतिसाद म्हणतात. स्पर्शासंबंधीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. मोबाइलची थरथर हा त्याचाच एक साधासुधा प्रकार. फिरता यंत्रमानव हाताने हाकताना मात्र हा प्रतिसाद फार वेगळ्या पातळीवरचा असावा लागतो आणि तो का हवा, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेपेक्षा संक्रांतीच्या दिवसांतली एखादी गच्ची अधिक उपयोगी पडेल.

पतंग उंच गेला की तो ठिपक्याएवढा दिसू लागतो. वर वारा पडला आहे का, पतंग कलला आहे का, पेच लागला आहे का, हे डोळ्यांनी नीट कळेनासे होते. पण उडवणाऱ्याच्या बोटांना ते कळते. मांजा सैल पडतो, ताणला जातो किंवा दुसऱ्या मांज्यावर घासल्याची बारीक थरथर बोटांत उतरते आणि डोळे काही सांगायच्या आत हाताने ढील दिलेली असते. नांगराचे रुमणे धरणाऱ्याला मातीखालचा दगड असाच कळतो. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. काठीचा दाब पडतो तळहातावर, पण रस्त्याचा खडबडीतपणा जाणवतो तो काठीच्या टोकाशी. सरावाने काठी हाताचाच भाग होऊन जाते.

माणसाच्या हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार चेतातंतू असतात. काही स्थिर दाब ओळखतात, काही निसटणारी वस्तू ओळखतात, तर काही अत्यंत सूक्ष्म कंपने टिपतात. यात स्नायू आणि सांधे यांच्याकडून मिळणारी जाणीव मिळवली की हाताचे ज्ञान किती भरघोस असते याची कल्पना येते. शिवाय डोळ्याने पाहिल्यामुळे पाहिलेल्या वस्तूत काही फरक पडत नाही. हात मात्र चाचपतो म्हणजे ढकलतो, दाबतो आणि त्या ढकलण्याला वस्तू जे उत्तर देते त्यालाच आपण स्पर्श म्हणतो. ऐकणे आणि बोलणे या दोन्ही क्रिया हात एकाच वेळी करत असतो. स्पर्श तारेवरून पाठवू पाहणाऱ्या अभियंत्यांची सारी डोकेदुखी या एका गोष्टीतून उद्भवते.

दूरवरच्या यंत्रमानवाच्या चालकाला बहुधा यातले काहीच मिळत नाही. त्याच्या हाती निर्जीव दांडा आणि समोर एक पडदा असतो. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळल्यावर ढिगाऱ्यात छोटे यंत्रमानव उतरवण्यात आले. शहरी आपत्तीतील शोधकार्यात त्यांचा तो पहिलाच मोठा वापर. या कामात सहभागी असलेल्या संशोधक रॉबिन मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर चित्रफिती तपासून जे लिहिले, त्यात यंत्राच्या ताकदीपेक्षा चालकाच्या अडचणींचीच चर्चा अधिक आहे. किल्लीच्या भोकातून खोली न्याहाळावी तसे ते पाहणे होते. यंत्र कशावर चढले आहे, कशात अडकले आहे, कोणत्या बाजूला कलले आहे याचा अंदाज बांधण्यातच चालकाचे लक्ष खर्ची पडे. त्यातल्या काही छोट्या यंत्रांना केबल जोडलेली असे आणि ती सोडण्या-ओढण्यासाठी दुसरा माणूस लागे. या साऱ्या व्यवस्थेत यंत्राचा ओढा ज्याच्या हाताला प्रत्यक्ष लागत होता असा तेवढा तोच एक होता, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

डोळ्यांची मर्यादा जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रातही दिसली. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या तळाशी साचलेल्या, वितळून थिजलेल्या पदार्थाची छायाचित्रे जानेवारी २०१८ मध्ये मिळाली. खडे दिसत होते. ते सुटे आहेत की तळाला घट्ट चिकटले आहेत, हे मात्र कितीही पाहून सांगता येईना. फेब्रुवारी २०१९ मध्ये बोटांसारखा चिमटा असलेले उपकरण आत सोडून त्यांना स्पर्श केला, तेव्हा काही खडे हलतात आणि काही भाग हलत नाहीत, हे समजले. तेथेही हालचाल कॅमेऱ्यातूनच पाहिली गेली, परंतु प्रश्न सुटला तो चाचपून पाहिल्यामुळे.

हाताला दूरचा स्पर्श देण्याची कल्पना अणुयुगाइतकीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोअर्ट्झ यांच्यापुढे किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याचा प्रश्न होता. त्यांनी जाड संरक्षक भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे जोडीचे यांत्रिक हात बनवले. अलीकडचा हात माणसाने हलवायचा, पलीकडच्याने त्याची नक्कल करायची. दोहोंना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या आणि तारा दोन्ही दिशांनी ओढ पोहोचवत. साहजिकच पलीकडे बाटली जड लागली की अलीकडे मनगटाला ते कळे. १९५४ साली गोअर्ट्झ यांनी विजेवर चालणारी जोडी बनवली आणि मग अंतराचे बंधन सुटले. पण विद्युत्तारेतून हालचालीची आज्ञा जाते, ओढ परत येत नाही. ती आणण्यासाठी माणसाच्या बाजूलाही मोटारी बसवून त्याच्या हातावर मुद्दाम जोर द्यावा लागला. पोलादी तारांनी जो स्पर्श फुकट दिला होता, तो विजेच्या काळात विकत घ्यावा लागला, असे म्हणता येईल.

या जोडीच्या हातांचा नियम सरळ होता: माणसाचा हात जिथे, यंत्राचा हात तिथे. फिरत्या यंत्रमानवाला तो लागू पडत नाही. जॉयस्टिकचा दांडा फार तर काही सेंटिमीटर सरकतो. यंत्रमानव शेकडो मीटर जाऊ शकतो. म्हणून दांडा किती कलला यावर यंत्राची जागा ठरत नाही, त्याचा वेग ठरतो. मोटारीचा ॲक्सिलरेटर असाच चालतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. हाताचे काम वस्तूला भिडण्याचे, तर गाडीचे काम कशालाही न भिडता जाण्याचे. भिंतीचा खराखुरा स्पर्श गाडीला होतो तो धडकल्यावरच आणि तेव्हा तो कळून उपयोग नसतो. मग चालकाच्या हाताला जाणवू द्यायचे तरी काय?

यावरचा तोडगा म्हणजे जो जोर अस्तित्वातच नाही तो निर्माण करायचा. यंत्रमानवाच्या अंगावरचे ध्वनिलहरींचे किंवा लेसरचे संवेदक आजूबाजूच्या वस्तूंची अंतरे मोजतात. वस्तू जितकी जवळ, तितका जोराचा उलटा रेटा दांड्याला द्यायचा, असे गणित संगणकात मांडतात. प्रत्येक अडथळ्याभोवती दूर लोटणारे एक काल्पनिक क्षेत्र आहे असे मानण्याची ही रीत उसामा खातिब यांनी १९८६ साली यंत्रमानवाने स्वतःच अडथळे टाळावेत यासाठी मांडली होती. पुढे तीच माणसाच्या हातासाठी वापरात आली. ट्रक मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारतो, तसेच हे. थाप म्हणजे भिंत नव्हे. भिंत जवळ आल्याची ती खूण आहे आणि ड्रायव्हरचा पाय त्या खुणेवर विचार न करता ब्रेककडे जातो. लबाडी म्हणायची तर लबाडीच आहे ही, पण कामाची.

ती खरोखर कामाची आहे का, हे तपासून पाहणाऱ्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि दक्षिण कोरियातील पोहांग विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ यांच्या संशोधकांचा आहे. त्यांच्यात मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले गौरव सुखात्मे हेही होते. २००२ पासून त्यांनी या विषयावर लिहिले आणि २००५ मध्ये सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताला रेटा मिळत असताना चालकांच्या हातून यंत्रमानवाच्या धडका कमी झाल्या, अडथळ्यांपासून राखलेले अंतर वाढले आणि तरीही मार्ग पुरा करण्यास लक्षणीय जास्त वेळ लागला नाही. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. सावधपणा वाढला की वेग घटतो, हा नेहमीचा अनुभव. येथे तसे घडले नाही.

अशा प्रयोगांना लागणारी चांगली साधने मिळू लागली ती १९९०च्या दशकात. एमआयटीमध्ये टॉमस मॅसी या विद्यार्थ्याने केनेथ सॅलिस्बरी यांच्या मार्गदर्शनाखाली बनवलेले ‘फँटम’ हे टेबलावर ठेवण्याजोगे उपकरण पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. (हेच मॅसी २०१२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले.)

तथापि, केवळ अंतरावर रेटा ठरवला की पहिल्याच दारात घोटाळा होतो. समजा, दार ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि यंत्रमानव ६० सेंटिमीटर. मध्यातून नेमका गेला तरी दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरच उरतात. दोन्ही चौकटी दांड्याला मागे लोटू लागतात आणि जेथून जायचे आहे तेथेच यंत्र जाऊ देत नाही. जरा डावीकडे सरकले की डावी चौकट उजवीकडे ढकलते, उजवीकडे गेले की उजवी डावीकडे आणि बिचारा चालक दारासमोर झोके घेत राहतो. भिंतीला समांतर जातानाही असाच विनाकारण रेटा बसतो. वास्तविक तेथे धोका नसतो. म्हणून पुढच्या काळात अंतराबरोबर वेग आणि दिशाही हिशेबात घेतल्या जाऊ लागल्या. याच वेगाने याच दिशेने गेल्यास धडक किती वेळात होईल, हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर काळजीचे असेल तेव्हाच हाताला सांगायचे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तांत्रिक विद्यापीठात दूरनियंत्रित विमानांसाठी झालेल्या अभ्यासात याहून एक पाऊल पुढचा विचार झाला. दांड्याला मागे ढकलण्याऐवजी धोक्याच्या दिशेने तो नुसता कठीण करायचा. चालकाने न ढकलल्यास दांडा स्वतःहून हलत नाही. त्याने धोक्याकडे ढकललाच, तर अधिक जोर लावावा लागतो. घोडा अडतो आणि घोडा उधळतो, यांत जो फरक आहे तोच येथेही आहे.

आता विलंबाचा प्रश्न. न्हाणीघरात गिझरचा नळ सोडल्यावर गरम पाणी यायला काही क्षण लागतात. तेवढ्यात अधीर माणूस नळ आणखी फिरवतो. मग कढत पाणी येते, तो घाईने नळ बंद करतो आणि पुन्हा गार पाण्याची धार अंगावर घेतो. दोष नळाचा नसतो आणि माणसाचाही नसतो. कृती आणि तिचे उत्तर यांच्यात वेळ गेला की सुधारणेचा प्रत्येक प्रयत्न चूक वाढवत जातो. पडद्यावरचे चित्र अर्ध्या सेकंदाने उशिरा आले तर चालक थांबून वाट पाहू शकतो. १९६०च्या दशकात एमआयटीमध्ये विल्यम फेरेल यांनी प्रयोगांत हेच पाहिले: उशीर असला की माणसे आपोआप थोडे हलवून थांबतात, परिणाम पाहतात आणि मग पुढचे पाऊल टाकतात. उशिरा आलेला रेटा मात्र वाट पाहू देत नाही, कारण तो थेट हातच हलवतो. चालकाने भिंत पाहून दांडा मागे घेतलेला असतो आणि आता पोहोचलेला जुना रेटा तो आणखी मागे फेकतो. यंत्र वेगाने मागे येते, तो सावरायला पुढे ढकलतो आणि बघता बघता दांडा आणि यंत्र दोघेही थडथडू लागतात. मदतीला आणलेला स्पर्शच अपघाताचे कारण ठरतो.

या आंदोलनावर मात करण्याचा गणिती मार्ग १९८९ साली अमेरिकेतील रॉबर्ट अँडरसन आणि मार्क स्पाँग यांनी दाखवला. त्यांची दृष्टी ऊर्जेची होती. माणसाने यंत्रणेत जेवढी ऊर्जा घातली त्याहून अधिक ऊर्जा यंत्रणेने बाहेर टाकता कामा नये. विलंबामुळे नेमके तेच घडते, जणू मधल्या वाटेवर कोणी खोट्या पावत्या फाडतो आहे. दोन्ही टोकांमधले संदेश विशिष्ट रीतीने मिसळून पाठवले, तर विलंब कितीही असला तरी हा गैरव्यवहार होत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. पुढे २००२ मध्ये ब्लेक हॅनाफोर्ड आणि जी-ह्वान रियू यांनी ऊर्जेचा जमाखर्च क्षणोक्षणी ठेवण्याची आणि तूट दिसताच तेवढ्यापुरता विरोध वाढवून ती भरून काढण्याची सोपी पद्धत दिली. हा हिशेब फार जलद करावा लागतो. डोळ्याला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे पुरतात. कठीण पृष्ठभाग हाताला कठीण वाटावा म्हणून मात्र साधारणतः सेकंदाला हजार वेळा जोर मोजून बदलावा लागतो. स्थैर्याची किंमतही मोजावी लागते. विलंब वाढत जातो तसतसा दगड रबरासारखा लागू लागतो, हाताची खात्री उणावते. फारच विलंब असेल तेव्हा पलीकडच्या जागेची एक प्रतिकृती चालकाच्या संगणकात उभी करतात आणि हात भिडतो तो या जवळच्या प्रतिकृतीला; प्रत्यक्ष मोजमापे मागाहून येतात आणि प्रतिकृती दुरुस्त करत राहतात.

चंद्राच्या बाबतीत प्रकाशालाच जाऊन येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. १९७० साली सोव्हिएत संघाने चंद्रावर उतरवलेली लुनोखोद-१ ही गाडी पृथ्वीवरून पाच जणांचा चमू काही सेकंदांच्या अंतराने येणारी स्थिरचित्रे पाहत चालवत असे आणि ती दहा किलोमीटरांहून अधिक चालली. चांद्रयान-३ च्या प्रग्यान गाडीसमोर २७ ऑगस्ट २०२३ रोजी तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा तिलाही आज्ञा देऊन मागे फिरवण्यात आले. तेथे हातांना काम नव्हते, निर्णय चित्रावरून झाला. मंगळावर तर संदेश पोहोचण्यासच काही मिनिटे जातात. पृथ्वीवरून तेथल्या खडकाचा स्पर्श घेण्याच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. म्हणूनच अंतराळवीराने ग्रहाभोवतीच्या कक्षेतच राहून खालच्या यंत्रमानवाला हाताने चालवावे, असा विचार पुढे आला. मोगेन्सेन यांचा प्रयोग त्याचीच तालीम होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो यांनी स्थानकातूनच नेदरलँड्समधल्या एका गाडीकडून खडकांचे नमुने अशाच स्पर्शयुक्त नियंत्रकाने उचलून घेतले.

तंत्र इतके पुढे गेले तरी एक वाद मिटलेला नाही. दांडा ढकलत असताना गाडी नक्की कोण चालवत असते? संवेदक चुकतात. लेसरला काचेचे दार दिसत नाही, तिरक्या गुळगुळीत भिंतीवरून ध्वनिलहर भलतीकडेच परतते. पडद्यावर चुकीची खूण आली तर चालक तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. हातावर आलेला चुकीचा रेटा त्याला झगडून परतवावा लागतो. तासन् तास काम केल्यावर मनगट दुखते, ते वेगळेच. शिवाय ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी एखाद्या तुळईला घासूनच जायचे असते. तेथे भिडू नको म्हणणारा दांडा कामाचा नाही. हे सहाय्य कधी आणि किती सोडायचे याची कळ चालकाच्याच हाती असावी, याकडे बऱ्याच रचनांचा कल दिसतो आणि तो योग्यच म्हटला पाहिजे.

बॉम्ब निकामी करणाऱ्यांच्या कामात यातली निवड अधिक निकडीची असते. ब्रिटिश लष्कराने १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडसाठी ‘व्हीलबॅरो’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव मैदानात उतरवला. त्यानंतर जगभर त्या जातीची यंत्रे झाली. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने बनवलेला ‘दक्ष’ त्यांपैकीच. भारतीय लष्कराकडे २०११ मध्ये सुपूर्द झालेला हा यंत्रमानव जिने चढतो, संशयित वस्तूचे क्ष-किरण चित्र घेतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने स्फोटक उधळून लावतो; चालक ५०० मीटरपर्यंत दूर राहू शकतो. एवढ्या अंतरावर प्रकाशाला लागणारा वेळ नगण्य आहे, म्हणजे स्पर्शाच्या आड येणारा सर्वांत मोठा शत्रू येथे नाही. २०१७ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने जुन्या व्हीलबॅरोंच्या जागी ५६ नवे ‘टी-७’ यंत्रमानव घेण्याचा साडेपाच कोटी पौंडांचा करार केला. त्यांच्या यांत्रिक हाताच्या पकडीचा जोर चालकाच्या मुठीपर्यंत पोहोचतो. मोटारीच्या सीटखाली हात घालून एखादी तार हलकेच बाजूला करायची असेल, तर ती सैल आहे की ताणलेली, हे आता मुठीला कळू शकते. ज्या वेळी यंत्राला हे काम साधत नाही, त्या वेळी तीसचाळीस किलोंचा संरक्षक पोशाख चढवून माणसालाच त्या मोटारीपर्यंत चालत जावे लागते.